संगणक मुक्त, वाय-फाय मात्र बंदिस्त

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीची नियमित देखभाल थांबविली. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षाविषयक दुरुस्त्यांची आणखी एका वर्षाची सोय ठेवण्यात आली. पण ती मुदतवाढ होती, तोडगा नव्हे. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. साहजिकच आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले, पण अजूनही व्यवस्थित चालणारे असंख्य संगणक केवळ प्रणालीअभावी अडगळीत जाण्याची वेळ आली. महानगरांतील मोठ्या कंपन्या यंत्रे बदलून मोकळ्या होतील. खरा प्रश्न आहे तो तालुक्याच्या गावांतील शाळा, वाचनालये, सेवा केंद्रे आणि लहान दुकाने यांचा.

गोंदिया जिल्ह्यातील आमगाव हे असेच एक गाव. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील आमगाव मुंबई-हावडा लोहमार्गावर, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमांलगत वसले आहे. संस्कृत नाटककार भवभूतीचे जन्मस्थान म्हणून जवळच्या पदमपूरचे नाव घेतले जाते. तालुक्याची आजची ओळख मात्र धानाची. आधारभूत किमतीने धान विकायचे तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. सातबाराचा उतारा, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, महाविद्यालयाचा प्रवेश ही सारी कामे संगणकाच्या पडद्यावर येऊन ठेपली आहेत. अशा ठिकाणी संगणक ही चैन राहिलेली नाही आणि चालते यंत्र मोडीत काढणे परवडणारेही नाही. म्हणूनच जुन्या संगणकावर लिनक्स बसवावे, हा सल्ला आता केवळ हौशी तंत्रज्ञांपुरता उरलेला नाही.

सल्ला योग्यच आहे. लिनक्स फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी वेगाने चालते आणि मराठीतूनही वापरता येते. परंतु जो वापरकर्ता ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ गांभीर्याने घेतो आणि केवळ मुक्त सॉफ्टवेअरच असलेली लिनक्स प्रणाली निवडतो, त्याला पहिल्याच दिवशी एका अडचणीला तोंड द्यावे लागते. पडदा उजळतो, कळफलक चालतो, ध्वनी ऐकू येतो. वाय-फाय मात्र दिसतच नाही. यंत्रात वाय-फायची चिप असते, ती नादुरुस्तही नसते. तरीही प्रणालीच्या लेखी ती निर्जीव असते. हे असे का घडते, याचे उत्तर तांत्रिक वाटले, तरी त्याचे मूळ मालकी आणि नियंत्रण यांत आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या मिलाफातून आजची लिनक्स प्रणाली उभी राहिली. मुक्त सॉफ्टवेअरच्या कल्पनेत किंमत हा मुद्दा गौण आहे. आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरता यावी, ती कशी चालते हे पाहून बदलता यावी, तिच्या प्रती इतरांना देता याव्यात आणि बदललेली आवृत्तीही वाटता यावी, अशी चार स्वातंत्र्ये तिच्या केंद्रस्थानी आहेत. बाजारात लोकप्रिय असलेल्या लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्या या तत्त्वाला सोयीनुसार मुरड घालतात. ट्रिस्केल, पॅराबोला, ग्विक्स यांसारख्या काही मोजक्या आवृत्त्या मात्र तडजोड नाकारतात. त्यांतील गाभाही वेगळा असतो. ‘लिनक्स-लिब्रे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाभ्यातून बंदिस्त तुकडे वेचून काढलेले असतात.

हे बंदिस्त तुकडे म्हणजे मुख्यतः फर्मवेअर. वाय-फायची चिप हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्यात प्रोसेसर असतो, स्मृती असते आणि त्याला चालविणारी आज्ञावलीही लागते. लिनक्सच्या गाभ्यातील ड्रायव्हर हा मुख्य संगणक आणि चिप यांच्यातील दुभाषा. फर्मवेअर हा चिपचा स्वतःचा मेंदू. पूर्वी हे फर्मवेअर चिपबरोबरच्या कायमस्वरूपी स्मृतीत कारखान्यातच भरले जाई. पुढे खर्च वाचविण्यासाठी उत्पादकांनी ती स्मृती काढून टाकली आणि यंत्र सुरू होताना संगणकप्रणालीनेच फर्मवेअर चिपमध्ये भरावे, अशी रचना रूढ केली. परिणामी जे आधी यंत्राचा भाग होते, ते प्रणालीसोबत द्यावयाची एक फाइल बनले. या फाइलची मूळ आज्ञावली उत्पादक प्रसिद्ध करीत नाही. मुक्त प्रणालीला ती फाइल सोबत ठेवता येत नाही; मग ड्रायव्हर कितीही उत्तम असला, तरी चिप जागी होत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. तेच बंदिस्त फर्मवेअर कारखान्यात कायमचे कोरलेले असेल, तर मुक्त सॉफ्टवेअरचे कडवे पुरस्कर्ते ते यंत्र चालवून घेतात. पण प्रणालीने ते भरायचे असेल, तर नाकारतात. हा भेद व्यवहारात कृत्रिम वाटतो. त्यांचे उत्तर असे, की जे कोणालाच बदलता येत नाही ते विद्युतमंडलासारखेच मानावे. परंतु जे उत्पादकाला बदलता येते आणि वापरकर्त्याला येत नाही, तिथे एकाची सत्ता दुसऱ्यावर चालते. हे उत्तर सर्वांना पटेलच असे नाही. तरी वादाचा गाभा त्यातून स्पष्ट होतो. प्रश्न फाइल कुठे ठेवली आहे याचा नसून, ती बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, याचा आहे.

महाराष्ट्राने हा पेच फार जवळून पाहिलेला आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट-धनगरवाडा या वस्तीवरील शाळेत सुरू झाला. मुलांच्या हाती आलेला हिरव्या-पांढऱ्या रंगाचा ‘एक्सओ’ लॅपटॉप जवळजवळ संपूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर चालत असे. एकमेकांजवळ ठेवलेली यंत्रे आपसांत बिनतारी जाळे विणतील, ही त्याची मोठी खासियत होती. मात्र हे जाळे विणणाऱ्या मार्व्हेल कंपनीच्या चिपचे फर्मवेअर बंदिस्तच राहिले. मुख्य प्रोसेसर झोपलेला असतानाही जाळे जिवंत ठेवू शकेल अशी दुसरी चिप हाती नव्हती, असा प्रकल्पाचा युक्तिवाद होता. ‘ओपनबीएसडी’ या मुक्त प्रणालीचे प्रमुख थिओ डी राट यांनी २००६ मध्येच या तडजोडीवर जाहीर टीका केली होती. पुढे २००८ मध्ये स्वतः स्टॉलमन यांनी हा लॅपटॉप वापरण्याचे ठरविले, तेव्हा फर्मवेअरची फाइल काढून टाकून बाहेरून वेगळे बिनतारी उपकरण जोडण्याचा मार्ग त्यांनी सांगितला. जगातील सर्वांत मुक्त म्हणविल्या गेलेल्या शालेय संगणकाची ही स्थिती होती.

त्या काळात वाय-फाय आणि लिनक्स यांचे नाते एकूणच अवघड होते. विंडोजसाठी बनविलेला ड्रायव्हर लिनक्सवर ओढूनताणून चालविण्याची ‘एनडीआयएस-रॅपर’ नावाची युक्ती अनेकांना करावी लागे. ब्रॉडकॉमच्या चिपसाठीचा ड्रायव्हर स्वयंसेवकांनी चिपचे वर्तन बारकाईने न्याहाळून, उलट्या दिशेने उलगडत तयार केला आणि तो २००६ मध्ये गाभ्यात समाविष्ट झाला. २०१० मध्ये कंपनीने स्वतःच आपल्या काही चिपच्या ड्रायव्हरची मूळ आज्ञावली खुली केली. फर्मवेअरची मूळ आज्ञावली मात्र दिली नाही.

वेगळी वाट दाखविली ती अथेरॉस या कंपनीने. २००८ मध्ये तिने त्यावेळच्या नव्या ८०२.११एन मानकाच्या चिपसाठी ‘एटीएच९के’ हा मुक्त ड्रायव्हर प्रसिद्ध केला. संगणकाच्या आत बसणाऱ्या या चिपना प्रणालीकडून कोणतेही फर्मवेअर लागत नाही. क्वालकॉमने ही कंपनी ताब्यात घेतल्यानंतर, २०१३ मध्ये, यूएसबीवर चालणाऱ्या एआर९२७१ सारख्या चिपच्या फर्मवेअरची मूळ आज्ञावलीही खुली झाली. पूर्णपणे मुक्त लिनक्सवर वाय-फाय हवे असेल, तर आजही सर्वाधिक भरवशाची नावे याच घराण्यातली आहेत.

परंतु या यशाला मर्यादा आहे. हे घराणे ज्या मानकाचे, ते २००९ मध्ये अंतिम झाले. त्यानंतरच्या वेगवान मानकांसाठी त्याच कंपनीने पुन्हा बंदिस्त फर्मवेअरचा मार्ग धरला. राउटरसाठी मुक्त प्रणाली घडविणाऱ्या ‘ओपनडब्ल्यूआरटी’ प्रकल्पाने २०२४ मध्ये स्वतःचा राउटर बाजारात आणला, तेव्हा त्यातील वाय-फायसाठीही बंदिस्त फर्मवेअर स्वीकारण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. म्हणजेच मुक्ततेचा आग्रह धरणाऱ्याने वेगाच्या बाबतीत दीड दशक मागे राहावे, असा हा सौदा आहे. अर्ज भरणे, उतारे काढणे, पाठ पाहणे यांसाठी तो वेग पुरतो. उद्याच्या गरजांना पुरेल याची हमी नाही.

याच वास्तवापुढे डेबियननेही माघार घेतली. तत्त्वनिष्ठेसाठी ख्यातनाम असलेल्या या प्रकल्पाने २०११ च्या आवृत्तीत आपला गाभा बंदिस्त फर्मवेअरपासून वेगळा केला होता. नव्या लॅपटॉपवर वाय-फायअभावी प्रणाली बसविणेच अशक्य होऊ लागले, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये सदस्यांनी मतदानाने आपल्या सामाजिक करारात दुरुस्ती केली आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून अधिकृत प्रतीतच हे फर्मवेअर दिले जाऊ लागले. सी-डॅकने घडविलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली असल्याने या निर्णयाचा संबंध भारताशीही पोहोचतो. डेबियनच्या सदस्यांना दोष देता येणार नाही. प्रणाली बसलीच नाही, तर तिच्यातील स्वातंत्र्य वापरणार कोण? पण या मतदानातून एक गोष्ट सिद्ध झाली. संगणक विकत घेतल्यानंतर, प्रणाली बसविणाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही. निर्णय त्याआधीच, दुकानाच्या काउंटरवर किंवा निविदेच्या कागदावर, झालेला असतो.

बंदिस्त फर्मवेअर आले तर बिघडले काय, असा प्रश्न सामान्य वाचकाच्या मनात येईल. पहिले उत्तर सुरक्षेचे आहे. २०१७ मध्ये ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपमधील ‘ब्रॉडप्वन’ नावाची त्रुटी उघड झाली. वापरकर्त्याने काहीही न दाबता, केवळ बिनतारी लहरींद्वारे फोनच्या चिपवर ताबा मिळविणे तिच्यामुळे शक्य होते. ॲपल आणि गुगलने दुरुस्त्या दिल्या. पण ज्या जुन्या फोनना दुरुस्त्या मिळणेच थांबले होते, त्यांच्या मालकांना करण्यासारखे काही नव्हते. फर्मवेअर मुक्त असते, तर निदान कोणीतरी ते दुरुस्त करू शकला असता. दुसरे उत्तर आयुर्मानाचे आहे. विंडोज १० ची देखभाल थांबल्याची तारीख साऱ्या जगाला ठाऊक झाली. वाय-फाय चिपच्या फर्मवेअरची देखभाल कधी थांबली, याची वार्ता ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही. ज्या कारणासाठी आमगावच्या एखाद्या शाळेने विंडोज सोडायचे, तेच कारण नव्या प्रणालीच्या पोटात लहान रूपात शिल्लक राहते.

उत्पादकांचीही बाजू आहे. बिनतारी उपकरण किती शक्तीने आणि कोणत्या लहरींवर प्रक्षेपण करते, यावर प्रत्येक देशाचे नियम असतात. फर्मवेअर खुले केल्यास वापरकर्ते ते नियम मोडतील, अशी भीती सांगितली जाते. अमेरिकेत २०१५ मध्ये या कारणावरून राउटरना कुलूप लागण्याची चिन्हे दिसली होती. पण त्याच अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने २०१६ मध्ये टीपी-लिंक कंपनीशी केलेल्या तडजोडीत दोन लाख डॉलरच्या दंडाबरोबरच, अन्य मुक्त फर्मवेअर आपल्या राउटरवर चालू देण्याच्या दिशेने काम करण्याची अट घातली. नियमपालन आणि मुक्तता यांत अटळ विरोध नाही, हेच त्यातून दिसते. भारताने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त केला. लहरींवरचे बंधन सरकारने सैल केले. त्या लहरी पकडणारी चिप मात्र बंदच राहिली.

मग आमगावच्या शाळेने किंवा सेवा केंद्राने करावे काय? पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे तार. संगणक एकाच खोलीत असतील, तर इथरनेटचे जाळे स्वस्त, स्थिर आणि मुक्त प्रणालीला मानवणारे ठरते. बहुतेक साध्या इथरनेट चिप बाहेरून फर्मवेअर न भरताही चालतात. इंटरनेट मोबाइलवरूनच येत असेल, तर अँड्रॉइड फोन यूएसबी तारेने जोडून ते संगणकाला देता येते. त्यात बंदिस्त फर्मवेअर फोनच्या आतच राहते, म्हणजे प्रश्न सुटत नाही, फक्त सरकतो; पण काम चालते. बिनतारीच हवे असेल, तर एआर९२७१ चिपचे यूएसबी उपकरण घ्यावे. जुन्या लॅपटॉपमध्ये आतील कार्ड बदलून अथेरॉसचे बसविता येते; मात्र काही कंपन्यांचे लॅपटॉप आपल्या यादीबाहेरचे कार्ड दिसताच सुरू होण्यास नकार देतात, हे आधी तपासलेले बरे.

खरेदी करताना खोक्यावरील नावावर विसंबून चालत नाही. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन या लोकप्रिय यूएसबी उपकरणाच्या पहिल्या आवृत्तीत एआर९२७१ चिप होती. दुसऱ्या आवृत्तीपासून, नाव तेच ठेवून, आत रिअलटेकची चिप आली आणि तिला बंदिस्त फर्मवेअर लागते. ग्राहकाला कळण्याचा मार्ग म्हणजे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला आवृत्तीचा क्रमांक किंवा संगणकाला जोडल्यावर दिसणारा चिपचा ओळखक्रमांक. आणि यांपैकी काहीच साधले नाही, तर डेबियनसारखी, फर्मवेअर सोबत देणारी प्रणाली बसविण्यात कमीपणा नाही. विद्यार्थ्याचा अर्ज मुदतीत जाणे ही तत्त्वाइतकीच खरी गरज आहे.

तथापि प्रत्येक शाळेने चिपचे क्रमांक शोधत बसावे, ही व्यवस्था होऊ शकत नाही. एकट्या ग्राहकाचे उत्पादकापुढे काही चालत नाही. हजारो संगणक एकदम घेणाऱ्या सरकारचे चालते. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले, पण त्याचा रोख ई-गव्हर्नन्सच्या सॉफ्टवेअरकडे आहे. यंत्राच्या पोटातील फर्मवेअरपर्यंत ते उतरत नाही. केरळने सरकारी शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणून राज्याच्या इच्छाशक्तीने काय घडू शकते, हे दाखविले आहे. महाराष्ट्रात मात्र एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतून संगणकसाक्षरता प्रामुख्याने विंडोज आणि ऑफिसच्या सवयीभोवती घडली. शालेय संगणकांच्या निविदेत प्रोसेसरचा वेग, स्मृती आणि पडद्याचा आकार यांच्या रकान्यांबरोबर वाय-फाय चिपचे नाव, तिच्या फर्मवेअरचा परवाना आणि त्याच्या देखभालीची शेवटची तारीख एवढे तीन रकाने वाढविले, तर त्याला अतिरिक्त खर्च येत नाही. फर्मवेअर खुले असलेल्या चिपला गुणांकनात थोडे झुकते माप दिले, तर उत्पादकाला पहिल्यांदाच ते खुले करण्याचे व्यापारी कारण मिळेल. अथेरॉसने २००८ मध्ये केलेली गोष्ट अशक्य नव्हती. तिच्या मागे उभा राहणारा मोठा ग्राहक पुढे तयार झाला नाही, एवढेच.

संगणकावरील स्वातंत्र्य हे प्रणालीच्या सीडीतून येत नाही. ते यंत्र निवडतानाच मिळते किंवा गमावले जाते. विंडोज १० च्या निमित्ताने देशभरातील शाळा आणि कार्यालयांत नव्या खरेदीचे प्रस्ताव तयार होत असतील, तर चिपविषयीचा प्रश्न विचारण्याची हीच वेळ आहे. आज घेतलेली यंत्रे पुढची आठ-दहा वर्षे वापरली जातील. ती केव्हा निकामी ठरवायची, हा निर्णय तालुक्याच्या गावातील शाळेने घ्यायचा की दूरच्या एखाद्या चिप-उत्पादकाने, हे या वर्षीच्या निविदांवरच ठरणार आहे.